मथुरेचा तळहात

बसा, मित्रांनो. मीही जरा टेकते आणि मग सांगते. मी एक जुनी काशाची वाटी आहे. ओंजळीत मावेन एवढी. माझा काठ अजून जाड आहे, पण बूड फार पातळ झालं आहे. नवी होते तेव्हा बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा नाद यायचा. आता बसक्या आवाजात काहीतरी खर्रकन वाजतं आणि थांबतं.

माझं काम तसं सोपं. तळपायाला थोडं खोबरेल लावायचं, मला मुठीत धरायचं आणि माझं बूड टाचेपासून बोटांपर्यंत हळूहळू फिरवत राहायचं. थोड्या वेळाने तेल काळं पडतं. लोक म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर आली. मी कधी कोणाला खोडून काढलं नाही, पण तुम्हाला खरं सांगते. त्या काळ्या तेलात थोडी मी असते. तेल आणि घाम लागून माझं कासं कणाकणाने सुटतं आणि पुसायच्या फडक्यावर जातं. चोळून घेणाऱ्याला हलकं वाटतं, मी खरोखरच हलकी होते.

तांबं आणि कथील एकत्र वितळवून मला ओतलं आणि मग हातोडीने ठोकून ठोकून आकार दिला, एवढंच मला जन्माचं आठवतं. आठवतं ते नीट पालीच्या बाजारापासून. तिथल्या एका कासाराच्या दुकानात मी समयांच्या रांगेमागे बसले होते. एका मंगळवारी उंच, हडकुळी, कपाळावर आठ्या असलेली एक बाई आली. तिने तीन-चार वाट्या उचलून वाजवून पाहिल्या आणि मला पदरात बांधलं. ती आनंदीबाई. पालीपासून आत, कातळ ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या एका वाडीत तिचं घर होतं. मुलगा महिपत मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला, आणि घरी सून मथुरा, तिच्या पोटात सातव्या महिन्याचं बाळ.

मथुरेचे पाय सुजले होते. चप्पल चढत नव्हती. आनंदीबाई घरी आली, तिने पाय धुतले, चहासुद्धा घेतला नाही, आणि पडवीत बसून म्हणाली, "पाय कर इकडे."

मथुरा दचकली. "आये, तुमी माजं पाय धरणार? लोक काय बोलतील?"

"तुजं पाय कोण धरतंय? मी माज्या नातवंडाचं पाय चोळतंय. ते आत हाय म्हणून तुजं पुढं आलं."

त्या घरातलं माझं पहिलं काम ते. मथुरेने पदर तोंडावर घेतला होता, लाजेने. मध्येच ती झोपून गेली. आनंदीबाईने तिला उठवलं नाही. तिचे पाय मांडीवर तसेच ठेवून ती अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

खोबरेल घरचंच असायचं. परसात दोन माड होते. नारळ सुकवून, फोडून, खोबरं उन्हात वाळवायचं आणि पालीच्या घाण्यावर नेऊन तेल काढून आणायचं. घरात त्या तेलाशिवाय पान हलत नसे. न्हाण्याआधी केसांना, न्हाण्यानंतर ओल्या अंगाला, लावणी करून आलं की पाण्याने कुजलेल्या बोटांच्या बेचक्यांना, थंडीत फुटलेल्या ओठांना. थंडीत ते थिजायचं. मग बाटली कढत पाण्यात उभी करून ठेवायची आणि पातळ व्हायची वाट पाहायची. वेदिका जन्मली तेव्हा आनंदीबाईने तिला पायांवर घेऊन त्याच तेलाने मालिश केलं, आणि थोड्याच दिवसांत मथुरा तिच्याकडून शिकली. बाळाला मी लागत नव्हते. बाळाला हातच लागतो. मी शेजारी तेल पोटात घेऊन बसायचे आणि मथुरेची बोटं माझ्यात बुडायची. तेव्हा तिची बोटं कशी होती ते मला ठाऊक आहे. शेतात राबणाऱ्या बाईची बोटं, थोडी खरखरीत, पण उबदार. वेदिका त्या हाताखाली हसायची.

ती थोडी मोठी झाली, शाळेत जाऊ लागली, तरी रोज सकाळी मथुरा तिच्या केसांना तेल घालून दोन वेण्या घालत असे. केस लांब होते. वेदिका चुळबुळ करायची आणि मथुरा म्हणायची, "गप ऱ्हा, नायतर भांग वाकडा पडंल." मित्रांनो, माझ्या आयुष्यातले बरे दिवस कोणते असं विचाराल तर ते.

मग महिपतचं काम कधी असे, कधी नसे. वाडीतल्या बायका रत्नागिरीकडच्या मासळीच्या कंपनीत जाऊ लागल्या होत्या. सकाळी पालीच्या नाक्यावर कंपनीचा टेम्पो येई. शेजारची कमळा आधीपासून जात होती. तिने मथुरेला नेलं.

काम कोळंबी सोलायचं. मी तिथे कधी गेले नाही, पण संध्याकाळी आलेल्या हातांवरून मला सगळं कळायचं. दिवसभर बर्फाचं पाणी. कोळंबीच्या डोक्याचा काटा बोटांत घुसतो. आत जाताना-येताना जंतू मारायच्या पाण्यात हात बुडवायचे, ते पाणी चिरांत झोंबतं. हातमोजे घातले की कोळंबी निसटते आणि हात मागे पडतो, म्हणून बायका मोजे काढून ठेवत. पहिल्या पावसाळ्यातच मथुरेच्या तळहाताला चिरा पडल्या. बोटांची टोकं पांढरी, जाड झाली आणि मग सोलवटली. ती रोज संध्याकाळी हाताला खोबरेल चोळायची. सकाळपर्यंत जरा मऊ पडायचं, आणि सकाळी पुन्हा बर्फ. तेल एका बाजूने लावत होती आणि पाणी दुसऱ्या बाजूने ओढत होतं. महिपतने शिमग्याला येताना मुंबईहून क्रीमची डबी आणली होती. तिचा वास छान होता. ती संपली, चिरा राहिल्या.

त्याच सुमारास आनंदीबाई विहिरीच्या पायरीवर घसरली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. एवढी ताठ बाई, खाटेला खिळली.

मथुरा कामावरून यायची, चूल पेटवायची आणि सासूला कुशीवर वळवून पाठीला तेल लावायची, म्हणजे अंथरुणाने पाठ फुटू नये. आनंदीबाईची कातडी तोवर पिकल्या केळ्याच्या सालीसारखी पातळ झाली होती. एकदा मथुरेने कंदील जवळ आणला, कारण दिवे गेले होते, आणि तिला सासूच्या पाठीवर लाल रेघा दिसल्या. ती बघतच राहिली. मग तिने आपला तळहात उजेडात धरला. चिरांच्या कडा सुकून ताठ झाल्या होत्या, किसणीच्या दातांसारख्या.

"आये, टोचतंय काय माजा हात?"

"नाय गो," आनंदीबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "बरा वाटताय."

"किती दिवस सोसताय?"

आनंदीबाई म्हणाली, "हात तुजाच हाय ना. मग झालं."

मथुरा उठली. कोनाड्यातून तिने मला काढलं, तेल लावलं आणि माझं बूड सासूच्या पाठीवर फिरवलं. पाठीला कोणी वाटी लावत नाही, मित्रांनो. वाटी पायाला असते. पण त्या दिवसापासून मी आनंदीबाईची पाठ, दंड, पोटऱ्या, सगळीकडे फिरले. त्या दिवसापासून मी मथुरेचा तळहात झाले.

आणि वेदिकेच्या वेण्याही त्याच आठवड्यात थांबल्या. त्याचं कारण फक्त मला माहीत आहे. एका सकाळी मथुरेने तिच्या केसांत हात घातला तेव्हा केस बोटांच्या चिरांत अडकले आणि हात काढताना चार-पाच केस मुळातून उपटून आले. वेदिका झोपेत होती अर्धी, तिने नुसतं "स्स" केलं. मथुरेने ते केस बोटातून सोडवले, माझ्या काठावर ठेवले आणि काही वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता मोठी झालीस. आपली आपण घाल वेणी. मला टेम्पो गाठायचा असतो."

वेदिकेने आरशासमोर उभं राहून एक वाकडी वेणी घातली. तिने पुन्हा कधी आईला विचारलं नाही. मथुरेनेही तिच्या गालावरून, पाठीवरून हात फिरवणं सोडलं. मुलगी जवळ आली की ती हात पदराखाली घ्यायची. ताप आला तर मनगटाने कपाळ पाहायची. मी कोनाड्यातून बघत होते. बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण वाटी वाजवल्याशिवाय वाजत नाही, आणि तेव्हा मला कोणी वाजवत नव्हतं.

आनंदीबाई दोन पावसाळे काढून गेली. ती गेली त्या सकाळी वाडीतल्या बायका जमल्या, तिला शेवटची अंघोळ घालायची होती. कोणीतरी मला तेलासकट मथुरेच्या हातात दिलं. तिने मला जमिनीवर ठेवलं. दोन्ही हात माझ्यातल्या तेलात बुडवले आणि सासूच्या पाठीवरून, खांद्यांवरून, चेहऱ्यावरून उघड्या तळहातांनी सावकाश तेल लावलं. कमळा तिच्या कानाशी म्हणाली, "वाटी घे गो, हाताचे ओरखडे उठतील."

"आता तिला टोचायचा नाय," मथुरा म्हणाली.

त्यानंतर मला काम उरलं नाही. कोनाड्यातून फळीवर, फळीवरून माळ्यावरच्या टोपलीत. काही दिवस माझ्यात चुना ठेवला, काही दिवस गंजके खिळे. मला हिरवट डाग पडले. मी अंधारात पडून असायचे आणि मला वाटायचं, झाली तेवढी झीज पुरे. आता नको कोणी काढायला.

पण काढलं. वेदिका बारावीनंतर रत्नागिरीला जाऊन ब्युटी पार्लरचा कोर्स करून आली आणि हातखंब्याला, हायवेलगतच्या एका पार्लरमध्ये लागली. पार्लर तेजस्वी नावाच्या बाईंचं. शिस्तीच्या पण मनाने चांगल्या. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं, आजूबाजूच्या गावांतल्या नवऱ्या मुली आणि मुंबई-गोव्याच्या वाटेवर उतरलेल्या बायका. या दुसऱ्या बायकांना रसायनं नको होती, सगळं नैसर्गिक हवं होतं. त्यांतल्या एकीने काशाच्या वाटीबद्दल विचारलं आणि वेदिकेला मी आठवले. तिने घरी येऊन आईला विचारलं. मथुरा भाकऱ्या थापत होती, वर न बघता म्हणाली, "माळ्यावर असंल. घेऊन जा."

वेदिकेने मला चिंच आणि राखेने घासलं. कित्येक वर्षांनी माझ्यात कोणाचा तरी चेहरा दिसला.

पार्लरचे ते दिवस कौतुकाचे होते, हे मी नाकारत नाही. मला पांढऱ्या टॉवेलवर ठेवत, शेजारी जास्वंदीचं फूल. बायका माझा फोटो काढत. वेदिका कामात हुशार होती. केस धुण्याआधी तासभर खोबरेल मुरवायची, लग्नाचा मेकअप ओल्या कापसाने खरवडण्यापेक्षा खोबरेलाने हलकेच उतरवायची, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल लावा म्हणून सांगायची. एका कॉलेजच्या मुलीला चेहऱ्यावर फोड होते आणि तिला रोज खोबरेलाचा मसाज हवा होता, तेव्हा तेजस्वीताईंनीच थांबवलं. म्हणाल्या, "तुझ्या त्वचेला ते जड होईल, फोड वाढतील. नैसर्गिक आहे म्हणून सगळ्यांना सगळं मानवतं असं नाही." मला ते आवडलं.

पण मित्रांनो, मी थकत चालले होते. तिथले तळपाय आधीच मऊ होते. त्यांना माझी गरज नव्हती, हौस होती. आणि बायका डोळे मिटून वेदिकेला म्हणायच्या, "तुझे हात किती गं मऊ आहेत." वेदिका हसून म्हणायची, "खोबरेल. घरचं असतं आमचं." तेव्हा मला माळ्याखालचं ते स्वयंपाकघर आठवायचं आणि पदराखाली मिटलेले दुसरे दोन हात.

यंदा पावसाळा सरता सरता, एका गुरुवारी दुपारी वेदिकेला फोन आला. कमळेचा होता. फोनमधला आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला.

"तुज्या आयशीला आज गेटवरना परत पाठवलान. हात दाखवायला लावतात ना सकाळी, तर सुपरवायझरने बाजूला काढलान. अंगठ्याच्या मुळाशी काटा गेलाय, पू झालाय. चार दिवस लपवून काम करीत होती ती. आता सांगतात, जखम बरी झाल्याबिगर येवचा नाय."

वेदिकेने तेजस्वीताईंना सांगितलं. त्यांनी लगेच जायला सांगितलं. पर्समध्ये सामान भरताना तिने का कोण जाणे, मलाही उचललं आणि तेलाची बाटलीही.

मथुरा पडवीत बसली होती. उजव्या हाताला हळदीचं फडकं गुंडाळलेलं. लेकीला पाहून तिने हात मागे घेतला.

"काम सोडून कशाला आलीस? हळद लावलीय. जाईल दोन दिवसांत."

"चल, डॉक्टरकडे."

"नको गो."

"आई, चल."

पालीच्या डॉक्टरांनी फडकं सोडलं, दिवा खाली ओढला आणि दोन्ही तळहात उताणे टेबलावर ठेवायला लावले. वेदिका मागे उभी होती. पर्सची चेन उघडी होती, त्यातून मला तिचा चेहरा दिसत होता. मित्रांनो, एवढ्या वर्षांत आईचे तळहात तिने पहिल्यांदा उघडे पाहिले. दिवसभर परक्या बायकांचे हात-पाय हाती घेणारी मुलगी ती. तिचा चेहरा पाहून मला पर्सच्या तळाशी जावंसं वाटलं.

डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या दिल्या. वेदिकेने विचारलं, "खोबरेल लावलं तर चालेल?"

"जखमेवर अजिबात नाही. ती कोरडी आणि झाकलेली ठेवा. बाकीच्या फाटलेल्या कातडीला लावा, हात ओले असतानाच लावा. पण एक सांगतो, बर्फाच्या पाण्यात रोज हात जाणार असतील तर कुठलंच तेल पुरणार नाही. निदान महिनाभर यांना विश्रांती हवी."

मथुरा खाली बघत होती. "महिनाभर घरी बसून मी काय करू?" ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वेदिका तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि मला बाहेर काढलं.

"पाय दे."

"दिवसभर लोकांचे पाय चोळतंस. घरी येऊन परत तेच?"

"तिथे चोळते ते काम आहे. दे."

मथुरेने पाय पुढे केले. टाचांच्या भेगा एवढ्या खोल की माझं बूड त्यांत अडत होतं. किती दिवसांनी मला खरोखर दमलेले पाय मिळाले होते. मी फिरत राहिले. तेल काळं पडलं. मथुरेने खांबाला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"ही वाटी आयेची," ती म्हणाली. "माज्या पायासाठी आणलेली. तू पोटात होतीस."

"मला वाटायचं आजीच्या पाठीसाठी आणली होती. तू तिच्या पाठीला लावायचीस ना रोज." वेदिका फिरवता फिरवता थांबली. "पण आई, पाठीला वाटी का? पाठीला हाताने लावतात. आम्हाला कोर्समध्येसुद्धा तेच शिकवलं."

वेदिकेने मला पुन्हा फिरवायला घेतलं नाही. ती वाट बघत राहिली.

"हाताने ओरखडे उठायचे," शेवटी मथुरा म्हणाली. "म्हातारी बोलायची नाय. पण मला दिसलं एकदा."

वेदिकेने आईच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो पदराखाली होता.

"म्हणून माझ्या वेण्या सोडल्यास?"

"केस अडकायचे गो. उपटून यायचे. तुला दुखायचं, तू झोपेत असायचीस, तुला कळायचं नाय. पण मला कळायचं."

"तू म्हणालीस टेम्पो गाठायचा असतो."

"मग काय सांगणार होते? आठ-नऊ वर्षांच्या पोरीला?"

वेदिका म्हणाली, "मला वाटायचं, तुला माझा कंटाळा येतो. जवळ आले की तू हात काढून घ्यायचीस. मी कोनाड्यातल्या आरशासमोर उभी राहून विचार करायचे की माझं काय चुकलं."

मथुरेने डोळे उघडले. तिला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, मित्रांनो, इतकी वर्षं मी समजत होते की सगळं फक्त मला ठाऊक आहे.

"तुजं काय चुकणार?" ती म्हणाली.

मग वेदिका उठली. मला तिने फडक्याने स्वच्छ पुसलं, माझ्यात बाटलीतलं ताजं खोबरेल ओतलं आणि मला आईच्या मांडीशेजारी ठेवलं. स्वतः पायरीवर, आईकडे पाठ करून बसली. केसांची क्लिप काढली.

"घाल तेल."

"एक हात बांधलेला हाय."

"एका हाताने घाल."

"केस अडकतील वेदिका. अजून तसाच हाय हात."

"अडकू देत."

मथुरेचा डावा हात पदराखालून निघाला आणि तिची बोटं माझ्यात बुडाली. मी ती बोटं ओळखली. ती जाड झाली होती, टोकांना स्पर्शही नीट कळत नसावा, कारण ती माझ्या बुडाला जोराने लागली. पण उबदार तशीच होती.

तिने माथ्यावर तेल ठेवलं आणि हात खाली आणला. केस अडकले. ती थांबली, एकेक केस बोटातून सोडवला, पुन्हा हात वर नेला. पुन्हा अडकले. वेदिका हलली नाही. एकदा मान थोडी मागे झुकली, तेवढंच. तिच्या मानेवरून तेलाचा ओघळ खाली आला आणि मथुरेने तो मनगटाने पुसायला हात उचलला, मग तसाच फिरवून तळहाताने पुसला.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलतंस."

"थोडं दुखतंय. थांबू नको."

मी त्यांच्यामध्ये नुसती तेल धरून बसले होते.

मित्रांनो, पुढे सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. महिन्याने जखम भरली. चिरांच्या कडा मऊ झाल्या, सगळ्या मिटल्या नाहीत. वेदिका म्हणाली, पार्लरमध्ये टॉवेल धुवायला, साफसफाईला ये. मथुरा म्हणाली, "लेकीच्या हाताखाली? नको." ती पुन्हा कंपनीत गेली. एवढंच बदललं की वेदिकेने तिला सुती पातळ मोजे शिवून दिले, ते आत घालायचे आणि वर रबराचे. पहिले काही दिवस हात मागे पडला, सुपरवायझर कुरकुरला. कमळेनेही मोजे शिवून मागितले, मग आणखी एकीने. हात अजून फाटतात, पण पूर्वीइतके नाही. संध्याकाळी ती हात धुते आणि ओले असतानाच खोबरेल लावते. सकाळी बर्फ असतोच.

रविवारी वेदिका घरी असते. कधी ती आईच्या केसांना तेल घालते, कधी आई तिच्या. पार्लरसाठी तेजस्वीताईंनी नवी, चकचकीत वाटी घेतली. मी आता इथेच असते, खिडकीच्या कट्ट्यावर. पाय चोळायला क्वचितच लागते. बहुतेक वेळा तेल धरून बसते, आणि खरं सांगायचं तर मला तेच झेपतं. माझं बूड आता फार दिवस टिकायचं नाही. कधीतरी त्याला भोक पडेल आणि तेल गळून जाईल.

तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिच्यात आंबट ठेवू नका, वापरली की पुसून ठेवा. माझ्यासाठी एवढंच मागणं. पण तुमच्याही घरात कोणी असेल, जवळ गेलं की हात मागे घेणारं. त्यांच्यावर रुसण्याआधी त्यांचा तळहात एकदा उघडून पाहा. मग थोडं तेल घ्या आणि त्यांच्या हातांना तुमच्याच हातांनी लावा. त्या वेळी मला बाजूला ठेवलंत तरी चालेल. मला वाईट वाटणार नाही, मित्रांनो. मी दमले आहे, आणि ते काम मुळात माझं नव्हतंच.